खरं

नंदगडच्या बाजारात भरमाण्णा मुचंडी
रिक्षाच्या टपावर भोंगा बांधून फिरायचा.
मागं मी. मांडीवर हँडबिलांचा गठ्ठा,
गुलाबी, घामानं रंग सोडणारा.

न भूतो न भविष्यति! बन्नी, बन्नी! या हो या!
कुस्त्यांचं जंगी मैदान, लाखोंच्या साक्षीनं!

लाखो म्हणजे किती, मी विचारलं एकदा.
कानावरची बिडी काढत म्हणाला,
गेल्या साली चारशे. त्यातली दीडशे पोरं चिंचेवर.
खरं, चारशे म्हटलं तर चाळीस येतील गा.
ऐकणारा मनात भागतोय.
भागून कायतरी उरायला पायजे की नको?

आमच्याकडं ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात.
पुण्याची वहिनी हसली होती लग्नात:
‘येणार होतो, खरं आलो नाही’,
मग यातलं खरं कुठलं?
तिला कसं सांगावं, इथं वाक्य फुगून सुसाट निघालं
की मध्येच एक नाका लागतो,
दांडी आडवी पडते, डिकी उघडायला लावतात.
जगप्रसिद्ध कुंदा, खरं
मालक धारवाडच्या पुढं गेलेला नाही.
शंभर वर्षं टिकणारं लुगडं, खरं
पहिल्याच धुण्यात बादली जांभळी.

घरात गंगव्वा एकच गोष्ट हजारदा सांगायची,
डोंगराएवढी भांडी घासायची,
नवऱ्याची वाट बघून रोज संध्याकाळी मरायची.
भरमाण्णा सगळे लाख बाहेर खर्चून आलेला,
आमटी चाखून म्हणायचा, जरा खारट.

भादव्यात तिचं रक्त उतरलं.
बेळगावच्या डॉक्टरनं कागदावर आकडा लिहून दिला.
चार बाटल्या. कुठल्याबी गटाचं चालतंय, बदली घेतात.
भरमाण्णानं भोंगा लावला, आधी गाणं न लावता,
आणि चार म्हणजे चार, तेवढंच बोलला.
दोन्ही भाषांत. नाल्कु. चार.
गावानं सवयीनं भागलं.
दिवस मावळेस्तोवर एक जण आला,
तोही विचारायला, मैदान कधी हाय.

तेव्हा मारुतीच्या कट्ट्यापासनं तो परत वळला.
मी मागंच होतो, मांडी रिकामी.
आवाज चिरलेला:
लाख बाटल्या पायजेत! साऱ्या जगाचं रक्त पायजे!
न भूतो
आणि पुढचं त्याला म्हणता आलं नाही.

अकरा जण आले. टेम्पो करून.
एक तर चिंचेवरचा, वय भरत नव्हतं, परत पाठवला.

गंगव्वा घरी आली ती भांडतच:
लाखदा सांगितलं, भोंग्यावर माझं नाव घ्यायचं नाही,
अख्ख्या दुनियेत अब्रू घालवलीस,
जन्मात तोंड बघणार नाही तुझं,
खरं

एवढं म्हणाली,
आणि आमटीत पाणी घालायला उठली.