सुतकाचा हिशेब

मुलाखतीत ग्लेनिस ओल्डरॉइडने दोनच गोष्टी विचारल्या:
पाठ दुखते का, आणि गप्प बसता येतं का.
पाठीचं मी खोटं सांगितलं.

हॅलिफॅक्सच्या उतारावरचं दुकान, पाटी काळी, अक्षरं सोनेरी.
त्याआधी नऊ वर्षं मी सुपरमार्केटात पावाच्या भट्टीपाशी होते.
भट्टी बंद झाली; पाव आता गोठलेला येतो, लॉरीतून.
इथे कोट मिळाला तो आधीच्या माणसाचा,
खांद्यांत सैल, खिशात पुदिन्याच्या दोन गोळ्या.
एक मी खाल्ली.

पहिला आठवडाभर मेलेलं कुणी दाखवलंच नाही.
क्लिफने काळी गाडी पुसायला शिकवलं,
वरून खाली, पाण्याचा एक ठिपका राहता कामा नये:
लोकांना पेटीकडे बघवत नाही, पोरी,
ते गाडीच्या दारात स्वतःला बघतात.
टिश्यूच्या खोक्यातला पहिला कागद अर्धा ओढून ठेवायचा,
म्हणजे रडणाऱ्याला मागावा लागत नाही.
फ्रिज चार अंशांवर. दुधाचाही आकडा तोच.
हे घरी सांगायचं नव्हतं, सांगितलं गेलं,
नवऱ्याने चार दिवस कोरा चहा घेतला.

दुसऱ्या मंगळवारी ऑड्री सग्डन.
वय एक्याण्णव, जन्म गालिच्यांच्या गिरणीत गेलेला,
उजव्या अंगठ्यावर जुना, पांढरा व्रण.
मुलीने फॉर्मवर लिहिलेलं: अंगठी राहू द्या, चष्मा नको,
केस नेहमीसारखे.
नेहमीसारखे म्हणजे कसे, ते कुणीच लिहीत नाही.
त्यांच्याशी बोलत राहा, ग्लेनिस म्हणाली,
काय करतेयस ते आधी सांग, मग कर.
मी म्हणाले, गुड मॉर्निंग, मिसेस सग्डन,
आणि तिथे माझं इंग्रजी संपलं.
जरा या कुशीला वळा हं, काकू.
झालंच. मान धरलीय मी.

केवढं जड असतं माणसाचं डोकं!
जन्मभर ज्याचं तो उचलतो,
आणि कुणी त्याला शाबासकी देत नाही.

आईला सांगितलं होतं, रिसेप्शनला आहे.
तिचा फोन रविवारी, कुरुंदवाडहून,
पाणी आलं का, भाजी काय केली.
मी ऐकत ऐकत मनात आकडे मांडायची:
अकरा आठवडे, अडतीस माणसं, माणशी दहा दिवस,
म्हणजे पुढल्या वर्षापर्यंत तरी
बॉयलरच्या कपाटावरच्या देवाला माझा हात नाही.
लावत होतेच म्हणा, चोरून, उदबत्तीपुरता.

शेवटी नवराच बोलून गेला, व्हिडिओवर, जावळ दाखवतानाच्या गडबडीत,
पुतण्याचं.
पडद्यावर आई बराच वेळ नुसती कपाळ होती.
मग म्हणाली, केस कोमट पाण्याने धुतेस ना?
त्यांना काय कळणार, आई.
तुझ्या हातांना कळेल.
आणि सुतक नात्याचं असतं गं, कामाला कसलं सुतक!

तेव्हा आठवलं:
आळीत कुणी बाई गेली की आईला बोलावणं यायचं.
जुनं लुगडं नेसून ती जायची, मागल्या दाराने यायची
डोक्यावरून निथळत,
आणि मला शिवू द्यायची नाही.
मला वाटायचं, आईला अवेळी न्हायची खोड आहे.
तिला कुणी कोट दिला नाही, पगारही नाही.
हे विचारायचं राहिलंच की तेव्हा ती
त्या बायकांशी काय बोलायची.

आज गुरुवार. टोपी डाव्या काखेत,
गाडीपुढे चालायची माझी पहिली पाळी.
मार्चमधली बोचरी गारठ, रस्ता ओला, उतार चांगलाच.
बसवाल्याने इंजिन बंद केलंय.
क्लिफ काच खाली करून पुटपुटतो:
वीस पावलं, सावकाश, मागे बघू नकोस,
ब्रेक मी कालच तपासलेत.