एकमत

विद्यापीठाच्या गेटासमोर, वाजिदभाईच्या हॉटेलात
आम्ही सात जण, दीड बाकड्यावर.
नव्या हॉलला नाव द्यायचंय.
क्रीडा विभागाचं पत्र आलंय:
आजवरचे सर्वश्रेष्ठ प्रशिक्षक कोण,
माजी खेळाडूंनी एकमतानं कळवावं.
एकमतानं! परभणीत!
इथं चहात आलं घालावं का नाही
यावरून दोन टेबलं कायमची वेगळी झालीत.

सोपान गिराम म्हणतो, धर्मापुरीकर सर. विषय संपला.
कबड्डीची अकरा वर्षं, नऊ ढाली.
काळ्या मातीला भेगा पडल्या की
रात्री स्वतः टँकर सोडायचे मैदानावर
आणि पहाटे त्या चिखलात लोळवायचे पोरांना.
'दम सुटला की माणूस सुटला.'
सोपानला डाव्या कानानं ऐकू येत नाही,
सरांच्याच थापडीनं.
तो कान पुढं करून दाखवतो आम्हाला,
दहावी ढाल असल्यासारखा.

मुश्ताक म्हणतो, ढाली काय मोजायलास, माणसं मोज.
देवळे सरांची पोरं बघ.
गंगाखेडच्या मोंढ्यात पोती उचलणारा प्रल्हाद,
दुसऱ्याचे बूट, पुढं रद्दी कोंबलेली,
दहा हजार मीटरला देशात तिसरा.
सेलूच्या रस्त्यानं पहाटे साडेचारला
सर सायकलवर त्याच्या मागं,
कॅरिअरला भुईमुगाच्या शेंगांची पिशवी,
गावातली कुत्री त्या दोघांच्या मागं.
'तिसरा,' सोपान म्हणतो, आणि तीन बोटं
मुश्ताकच्या नाकासमोर धरतो.
टेबल हादरतं. बशीतला चहा सांडतो.
वाजिदभाई फडकं मारून जातो,
कुणाच्याच बाजूनं न बोलता.

मी ड्युटीच्या खाकीतच आलेली. गप्प.
माझे सर यादीतच नाहीत.

खो-खोचे कच्छवे सर, तासिका तत्त्वावर,
तीन वर्षं. ढाल शून्य.
चौथ्या वर्षी ऑर्डरच निघाली नाही.

अंतिम सामना. दोन मिनिटं उरलेली.
त्यांची शेवटची पोरगी खांबाकडं पळत होती,
एका सुराच्या अंतरावर,
आणि माझा सूर तर हिंगोलीपासून उदगीरपर्यंत माहीत.
उजवा गुडघा सकाळपासून सुजून कवठाएवढा.
मी कुणाला सांगितलं नव्हतं.
बर्फाची पिशवी दुपट्ट्याखाली होती.
सर रेषेवरून ओरडले,
'वनमाला, मारू नकोस! बाहेर ये!'

आले.
एका गुणानं गेली ढाल.
येताना टेम्पोत मैत्रिणींनी सरांसाठी
बसायला जागा केली नाही. मीही नाही.
मानवतपर्यंत ते उभेच होते,
वरचा दांडा धरून.
पुढं वर्षभर मी बोलले नाही त्यांच्याशी,
मग बोलायला ते राहिलेच नाहीत विद्यापीठात.

आता जिंतूर–परभणी गाडीत मी उभी असते,
दिवसाला सहा फेऱ्या,
गळ्यात बॅग, हातात मशीन,
बोरीच्या गतिरोधकावर ड्रायव्हर काही बघत नाही,
सगळी गाडी उडते आणि पडते
आणि मी पुढच्या सीटला विचारते,
तिकीट राहिलं का कुणाचं.
माझ्याबरोबरच्या दोघींनी तेव्हा सूर मारले होते.
त्यांच्या कपाटात पदकं आहेत.
जिना चढताना त्या भिंत धरतात.

पत्रासोबतच्या तक्त्यात तीन रकाने:
नाव, कार्यकाळ, पदके.
तिसऱ्यात काय लिहायचं मला सुचत नाही.

'तू बोल की,' मुश्ताक म्हणतो,
'पाचच्या गाडीआधी मत देऊन जा.'
मी नाव सांगते.
हळू आवाजात, कारण पहिल्यांदाच सांगत होते.
सोपान कपाळाला आठ्या घालतो.
'काय म्हणायलीस?'

मी उठते,
बाकड्याला वळसा घालून
त्याच्या उजव्या कानाकडं जाते.