दोन काटे

विपावाच्या खोऱ्यात उद्या बुर्या वारा सुटणार,
रेडिओ सकाळपासून तेच सांगतोय.
इथली कौलं उगाच उरावर दगड घेऊन झोपत नाहीत.
स्टोयान हँगरच्या दारात, बोटात किल्ली फिरवत:
"वोयका, थोडंसंच थरथरतंय.
स्क्रू पिळ आणि मोकळं कर मला."

थोडंसंच.
थोडंसंच थरथरणाऱ्या इंजिनांनी
आपल्याच गिअरबॉक्सचे दात कसे खाल्ले
ते मी फळीवर मांडून ठेवलंय,
जर्दाळूच्या मुरंब्याच्या रिकाम्या बरण्यांत.

चाकांना अडसर. शेपटीला साखळी.
तेल तापेपर्यंत कॉफी.
मग दोन कार्बोरेटरांना जोडणारी नळी काढते.
ही नळी फार समजूतदार,
इकडचं तिकडे करून भांडण झाकत राहते.
भांडण बघायचं तर आधी तिलाच बाजूला करावं लागतं.
तिच्या जागी दोन रबरी नळ्या, दोन डायल, दोन काटे.

डावा, पाटावर बसल्यासारखा स्वस्थ.
उजवा, शिंक अडल्यासारखा.

माझा उजवा कान गेला त्याला अकरा वर्षं झाली.
फिरता पंखा डोळ्यांपुढे राहावा म्हणून
जन्मभर एकाच अंगाला उभी राहिले,
तो कान इंजिनाला देऊन.
आता सगळं जग मला डावीकडूनच येतं:
चर्चची घंटा, नवऱ्याची हाक, उकळतं दूध.
पूर्वी कानाने जुळवायचे. वडील तसेच करायचे,
आणि गावात त्याचं कौतुकही होतं.
पण कानाला सवय लागते.
काट्याला लागत नाही.

इंजिन बंद. पाव फेरा. चालू.
बघ.
बंद. उलटा पाव फेरा. चालू.
आयडलला दोघं जुळतात अगदी,
आणि लिव्हर दोन बोटं पुढे सरकली की फुटतात,
जशी भावंडं आईसमोर एक
आणि अंगणात वेगळीच.
म्हणजे घोडं स्क्रूपाशी पेंड खात नाहीये.

लोकांना वाटतं, थ्रॉटल म्हणजे जोर देणं.
स्टोयानलाही वाटतं, बावीस वर्षं उडवतोय तरी.
अरे, जोर आधीच भरलेला असतो स्प्रिंगांत.
झडपा सताड उघडायलाच टपलेल्या,
केबल त्यांना फक्त धरून ठेवते.
तू लिव्हर पुढे ढकलतोस
तेव्हा काही देत नाहीस,
थोडं सोडतोस, इतकंच.
आणि केबल तुटली तर हे इंजिन गप्प होत नाही,
पूर्ण आवाजात बोलायला लागतं.
दोन्हींतली एकच तुटली
तर अर्धं बोंबलतं, अर्धं दबल्या आवाजात पुटपुटतं,
आणि मध्ये क्रँकशाफ्ट.

सीटखाली, वळणापाशी,
उजव्या केबलचं आवरण सोलते.
एकोणीस तारांतल्या चार सुटलेल्या,
मांजराच्या मिशांसारख्या.
अंगठ्यात टोचली एक.
स्टोयानला दाखवलं; केबल नाही, अंगठा.
त्याने किल्ली खिशात टाकली.
तिकडे डोंगरापलीकडे मुलीने जेवण केलंय म्हणे,
नातवाला पंखात बसवून फोटो काढायचा होता.
फोन करायला तो बाहेर गेला
आणि बराच वेळ आला नाही.

तीस युरोंची वस्तू. गुरुवारी येईल.

संध्याकाळी विमान जमिनीला बांधतो आम्ही,
तो एका पंखाला, मी दुसऱ्या.
डोंगराच्या माथ्यावर ढगांची पांढरी कड बसलीय,
गवत अजून हलत नाही.
माझा दोर ताठ, त्याचा सैल.
तो माझ्या उजवीकडे येऊन काहीतरी बोलतो,
आभार असतील, किंवा शिवी.
मी मान वळवत नाही.
आधी त्याची गाठ सोडते
आणि पुन्हा घालते.