किरकोळ

सान्यालबाबूंची वही माझ्याकडेच राहिली.
लाल खारव्याची बांधणी, वास अजून तागाचा.

दोंडाईच्याला उतरले तेव्हा एक होल्डॉल
आणि नमुन्याची पाच पोती.
बाजारात मिरचीचा खकाणा असा की
माणूस रडतच गावात शिरला.
हे पुढे ते प्रत्येक पुढाऱ्याला हसत सांगत,
आणि पुढारी प्रत्येक वेळी नव्यानं हसत.

बारदानाचा कारखाना. साडेसहाचा भोंगा.
पावणेदोनशे माणसं, त्यातला एक मी,
कारकून भामरे, शाई माझी, आकडे त्यांचे.

चाळीस वर्षं राहून ‘ळ’ तेवढा जमला नाही.
“लिहा, किरकोल.”

अधिवेशनाच्या सतरंज्या. किरकोळ.
जिल्हाध्यक्षांच्या मेव्हण्याचं लग्न,
घोड्यासकट. किरकोळ.
पक्ष फुटला त्या साली दोन्हीकडचे आले,
एक पुढच्या दारानं, एक वजनकाट्याच्या बाजूनं;
मी एकच शब्द दोनदा लिहिला.

एका रात्री अठरा पोत्यांची तोंडं
त्यांनी स्वतः शिवली, दाभणानं, कंदिलाशी.
उचलली तेव्हा मिरचीपेक्षा हलकी लागली.
“पोत्याला विचारायचं नसतं, भामरे,
पोटात काय आहे.”
मी तर कारकून. मलाही कोणी विचारलं नाही.

फक्त बोनसचं पान आलं तेव्हा
माझ्या तोंडून घरची बोली सुटली,
“बाबू, हाई काय लिखू?”
ते खिडकीतून मालधक्क्याकडे बघत राहिले.
“ते राहू द्या. निवडणूक होऊन जाऊ दे.”

निवडणूक झाली. आपला माणूस मंत्री झाला.
शेजारच्याच प्लॉटवर त्यानं फीत कापली,
प्लास्टिकच्या गोण्यांचा कारखाना.
बाबू पहिल्या रांगेत होते, टाळ्या वाजवल्या,
आणि घरी येऊन सारंगखेड्याहून आलेला मासा
मोहरी लावलेला, तसाच ताटात ठेवून उठले.

वैशाखात गेले.
मंत्र्यांच्या पीएचा फोन आला,
नाव विचारायला: सन्याल की सान्याल?
हार काही पोचला नाही.
शिवणखात्यातली गोजरबाई आली,
उन्हात अनवाणी, काही बोलली नाही,
पायाशी एक रिकामं पोतं घडी करून ठेवलं.
प्रेमानं की हिशेबानं, मला कळलं नाही.

लाकडं, रॉकेल, भटजी, रिक्षा:
शेवटची नोंद मी केली, आणि हातानं
आपोआप लिहिलं, किरकोल.
खोडलं नाही.

बोनसचं पान तसंच आहे. कोरं.
वही दोन्ही बाजूंनी खाल्ली वाळवीनं,
तेवढं सोडलंय.