फलकावरचा शब्द

इंग्रजी फलक डिसेंबरातच छापून आला.
मराठीचा माझ्या टेबलावर पडून.
संचालक म्हणाले, मंदाकिनीबाई,
एक शब्दच तर हवाय. परिषद सोमवारी.

कोशात होती अनागोंदी. ती राज्यकारभारात असते.
अव्यवस्था होती. ती आमच्या दप्तरखान्यात.
कोलाहल खाली कॅन्टीनमध्ये, एक ते दोन.
उरला गोंधळ.
डॉक्टर वाकणकरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"गोंधळ नको हो. लोक हसतील."

मी रेणके.
आमच्यात गोंधळ घालतात,
हे मी ऑफिसात कधी बोलले नाही.
वडील घाटकोपरच्या चाळींतून
नव्या लग्नाच्या घरी रात्रभर संबळ वाजवायचे
आणि सकाळी सातला विक्रोळीच्या कारखान्यात पाळीवर,
कपड्यांना दिवटीच्या तेलाचा वास तसाच.
त्यांच्या गोंधळात एक मात्रा इकडची तिकडे झालेली
मी ऐकली नाही.

शेवटी फलकावर 'केऑस' असंच गेलं.
छापखान्यात त्याच्यावरचा चंद्र पुसला गेला.
केआस.
कुणाच्या लक्षात आलं नाही.

सोमवारी कलिन्याच्या सभागृहाबाहेर
नोंदणीच्या टेबलाशी मी.
नोवोसिबिर्स्क. बांडुंग. कुमासी.
माँटेव्हिडिओचे एक म्हातारे गृहस्थ,
त्यांची बॅग वाटेत आदिस अबाबालाच उतरलेली,
पाच दिवस त्यांनी वाकणकरांचा शर्ट घातला.

आत, दर तीन मिनिटांनी
छतावरून विमान उतरायचं.
वक्ता बोट वर धरून थांबे.
आवाज गेला की वाक्य पुढे सुरू,
सोडलं होतं तिथूनच,
म्हणजे जवळजवळ तिथूनच.

व्हरांड्यात वर्कशॉपच्या पेडणेकरांनी बनवलेले
दोन लंबक, हाताला हात जोडलेले, पितळेचे,
एकाच मापाचे, एकाच सळईतून कापलेले.
कुमासीच्या अबेनाने दोन्ही एकदम सोडले.
चार झोके जुळी भावंडं.
पाचव्याला एक खिडकीकडे वळला,
दुसरा माझ्याकडे बघून उलटा फिरला,
मग कुणाचं कुणाला ठाऊक नाही.

मी म्हटलं, बिघडलं.
ती म्हणाली, नाही. नियम एकही मोडलेला नाही.
माझ्या एका बोटाला घाम असेल.

(माझा भाऊ आणि मी. एकच खोली,
दीड वर्षाच्या अंतराने सोडलेले.
संबळ त्याच्याकडे गेला.
तो कुठे आहे हे गेली अकरा वर्षं मला माहीत नाही.)

तुमच्या भाषेत याला काय म्हणतात, तिने विचारलं.
आजूबाजूला वाकणकर नव्हते.
गोंधळ, मी म्हटलं.
आणि मग थांबता येईना:
की रात्री अंगणात दिवटी लावतात,
की देवांना बोलावतात, एकेकाला,
आधी गाव, मग नाव,
लांबचे, जवळचे, रुसलेले, कुणी सुटता कामा नये,
आणि पहाटेपर्यंत ताल सोडायचा नाही.

"सगळे येतात?"

वडील ते बघायला थांबत नसत.
पुढचं नाव घेत.

ती हसली नाही.
वहीत काहीतरी लिहून घेतलं, तिच्या लिपीत माझा शब्द,
त्यातला ळ कसा लिहिला असेल कोण जाणे.

शुक्रवारी संध्याकाळी फलक उतरवला.
खुर्च्या मोजल्या, दोन कमी भरल्या.
पावणेसातला विमानतळाची गाडी आली
आणि माणसाने एक तपकिरी बॅग माझ्यासमोर ठेवली,
सही घेतली, गेला.
म्हातारे दुपारीच निघून गेलेले,
वाकणकरांच्या शर्टासकट.

व्हरांड्यात कुणी नव्हतं.
वाऱ्याने एक लंबक जरासा हलत होता.
मी बॅगेवरची चिठ्ठी उलटी केली
आणि मोठ्यांदा वाचली, वाचायची असते तशी,
आधी गाव.
मग नाव.