केपें स्टँड, सहा चाळीस

रविवारी कुळागरात सराव केला.
पाटाच्या कडेला उभी राहून
पोफळींना म्हटलं, मडगाव, मडगाव.
एकही जागची हलली नाही.
गाईने मान वर केली,
पुन्हा गवतात घातली.
दीर म्हणाला, वैनी, शब्द बरोबर आहे,
पण हे तू कुणाच्या तरी कानात सांगतेस.

बावीस वर्षं रस्त्याकडेला बसून
आळसांदे विकले, सोलं विकली,
ओरडावं कधी लागलं नाही.
गाडी थांबायची, काच खाली व्हायची,
मी बोटांनी भाव सांगायची.
आवाज होता ना, होता.
पाहुण्यांच्या बशांसारखा
वरच्या फळीवर, कागदात गुंडाळलेला.

मग सिडनीच्या मिनीबसचा कंडक्टर बोटीवर गेला.
सिडनी म्हणाला, शेवंते, हिशेब तुला येतो,
माणसं तुला ओळखतात,
राहिलं काय?
राहिलेलं सगळं घशात होतं.

सोमवार. खाकी शर्टाच्या घड्या अजून कडक.
गळ्यात शिट्टी.
नोटा उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यात धरायच्या,
दहाच्या इथे, वीसच्या तिथे,
हे कायतान ड्रायव्हरने दाखवलं
आणि तो विडी शोधायच्या निमित्ताने
तोंड फिरवून बसला.
चांगला माणूस.

शेजारच्या बसचा पोरगा
एका श्वासात सहा मडगाव म्हणत होता,
मध्येच तंबाखू मळत होता,
सातव्याला दोन बायका पकडून
चढवतही होता.
मी तोंड उघडलं.
हवा आली. नुसती हवा,
तीही आतल्या आत परत गेली.
सहा एकेचाळीस.
आमच्या बसमध्ये तीन माणसं
आणि एक फणस.

तेव्हा पियेदाद आली,
डोक्यावर तांबड्या भाजीचा पाटला,
पदराला बांधलेली पुरचुंडी.
मडगांवां वता?
वता, मी म्हटलं.
कितें?
वता गे, मडगांवां.
तिने पाटला सावरला, कान पुढे केला,
त्या कानातल्या कापाला
सकाळचं ऊन लागलं होतं.
कितें म्हणटा तूं?

आणि कुठून कोण जाणे,
बेंबीच्या खालून, पाटातल्या दगडांखालून,
बावीस वर्षांच्या उन्हातून, धुळीतून

मडगाऽऽव!
मडगाव मडगाव मडगाव!

तिला एकच हवं होतं.
बाकीचे तीन माझे मीच म्हटले.
चहावाल्याच्या छपरावरचे पारवे उडाले.
कॉलेजच्या दोन मुली धावत आल्या,
एक मास्तर, एक कोंबडा पिशवीतला,
शेजारचा पोरगा तंबाखू मळायचा थांबला.
कायतानने हॉर्न दिला, गरज नसताना.

पियेदाद पायरीवर चढता चढता म्हणाली,
बोब कित्याक मारता गो?
म्हाका आयकूंक येता.

भीती काही स्टँडवर राहिली नाही.
पायरीवर लटकून ती आमच्याबरोबर आली,
आंबावलीला होती,
पारोड्याच्या वळणावर माझा दंड धरून होती.
गर्दी वाढली तसं तिलाही म्हटलं,
फुडें सर, फुडें सर,
मागच्यांना जागा दे.
ती सरली थोडी. उतरली कुठे
ते बघायला मला सवड नव्हती,
चांदरला पन्नासची सुट्टी कुणी मागत होतं.

मडगावला बस रिकामी झाली.
हातांना नाण्यांचा वास,
घसा भाजल्यासारखा,
आणि पाण्याची बाटली घरीच राहिलेली.
बोनेटवर पैसे मांडले, मोजले,
कायतानने मोजले, परत मी मोजले.
वीस रुपये कमी.

पियेदादकडून घ्यायचेच राहिले होते.

उद्या मागेन.
दोनदा मागावे लागतील बहुतेक.