बद्द आवाज

स्तामेनने हलव्याचा रिकामा डबा
माझ्या टेबलावर उपडा केला.
अठ्ठावीस. स्विश्तोवच्या अलीकडे, सूर्यफुलांच्या रानात,
नांगराच्या फाळाला लागलेली.
"कुणाची आहेत तेवढं सांग, व्हेलिका," म्हणाला,
जणू दार वाजवून परतच करायची आहेत.

मी आधी चेहरा बघत नाही.
आधी वजन: तीन ग्रॅम, वर थोडं.
मग कड. मग नखाची टिचकी.
चांदी बोलते, बारीक आणि लांब,
डॅन्यूबवरच्या बर्फाला पहिली चीर जाते तशी.

मग अक्षरं. 'ए', 'यू',
आणि पुढे शंभर वर्षांचे अंगठे.
ही राणी: नाव झिजलंय, अंबाडा उरलाय.
डोक्यावर बांधलेला असेल तर आई,
मानेवर उतरला असेल तर लेक.
ही लेक.
माणसाचं नाव जातं आणि केस विंचरायची तऱ्हा राहते,
याचं मला तीस वर्षं नवल वाटतंय.

सत्तावीस झाली.
अठ्ठाविसावं बद्द वाजलं.

दिव्याखाली धरलं. कानाच्या पाळीपाशी
चांदीची साल उचकटलेली, आत हिरवं तांबं.
आणि गळ्यावर छिन्नीचा एक छेद,
आजचा नव्हे;
त्याच्या तळाशीही तोच जुना हिरवा.

म्हणजे तेव्हाही कुणीतरी
हे असंच दिव्यापाशी नेलं होतं.
संशय आला, कापून पाहिलं,
कळलं.
आणि तरी सत्तावीस खऱ्यांसोबत
पुरून ठेवलं.

पुढच्या बाजारात, तिन्हीसांजेला,
घाईतल्या कुणाच्या हातात सरकवू म्हणून?
की फसल्याची आठवण हवी म्हणून?
कार्डावर याला रकाना नाही.

स्तामेन टोपी गुडघ्यावर ठेवून बसलाय.
"हे खोटं," मी म्हणते.
तो ते उचलतो, शर्टाला पुसतो.
"मग हे एक मला राहू दे की."
"अंहं. हेच तर आधी नोंदवायचंय."

क्रमांक अठ्ठावीस. तांबं, वर चांदीचा मुलामा.
सम्राट: ओळख पटत नाही.
आणि खालच्या कोऱ्या जागेत,
पेन्सिलीने, खोडता येईल इतकं पुसट:
मालक, एकदा फसलेला.
दुसऱ्यांदा फसवलं की नाही, माहीत नाही.